पाहत जाण्याचा रस्ता
(मंडळाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मी डिप्लोमा झालेला साधा सरकारी नोकर, वक्ता नव्हे. पण रस्त्यांची आवड आहे, म्हणून त्यावरच चार शब्द बोलतो.

न्यूयॉर्कजवळची ब्रॉन्क्स नदी सांडपाण्याने नासली होती. तिच्या सुधारणेसाठी १९०७ मध्ये आयोग नेमला गेला. काठची जमीन ताब्यात घेऊन घाण काढली, झाडे लावली आणि त्या हिरव्या पट्ट्यातून मोटारींसाठी वळणावळणाचा रस्ता नेला. तो १९२५ मध्ये पूर्ण झाला. त्यावर मालट्रकना बंदी, कडेला जाहिरातींचे फलक नाहीत. अशा रस्त्याला 'पार्कवे' म्हणतात. पुढे मंदीच्या काळात, १९३५ मध्ये, डोंगरांतून जाणाऱ्या ब्लू रिज पार्कवेचे काम निघाले. सुमारे ७५५ किलोमीटरचा हा रस्ता पुरा व्हायला १९८७ उजाडले. त्यांनी डांबराइतकीच कडेच्या जमिनीचीही काळजी घेतली, हे मला महत्त्वाचे वाटते.

आता आपल्याकडे या. आपला हैदराबाद-नागपूर रस्ता, जुन्या मंडळींचा 'सात नंबर', आज ४४ नंबरचा महामार्ग आहे. तो पार्कवे नाही. त्यावर मालट्रक धावणारच. पण निर्मलचा महबूब घाट, नेरेडिगोंड्याहून आत गेल्यावर कुंटाला धबधबा, पुढे पैनगंगेचा पूल, एवढे वैभव या वाटेवर आहे. टिपेश्वरचे वाघ पैनगंगा ओलांडून आपल्या रानात येतात. याच महामार्गावर नागपूरच्या पुढे, पेंचच्या जंगलात, जनावरांना खालून जाता यावे म्हणून रस्ता नऊ ठिकाणी उंच उचलला आहे. म्हणजे मनात आणले तर आपल्याकडेही होते.

सरकारचे काम सरकार करील. आपले काय? घाटात गाडी थांबवून आपण माकडांना केळी टाकतो. पुण्य लागते असे वाटते, पण त्या सवयीने ती रस्त्यावर येऊन बसतात आणि चाकाखाली जातात. कुंटाल्याला डबा खातो आणि पत्रावळी, बाटल्या तिथेच टाकून येतो.

आपल्या कित्येक घरांच्या चार-चार पिढ्या या मातीत वाढल्या. लेकी-सुना याच रस्त्याने नागपूर, यवतमाळला ये-जा करतात. म्हणून विनंती एवढीच, की यंदापासून मंडळाच्या सहलीत कचऱ्याची पिशवी सोबत असावी आणि माकडांना खाणे टाकणे बंद व्हावे. मुले आपले पाहूनच शिकतात.