अथेन्सचं घुबड

आपल्याकडे घुबड छपरावर बसलं की घरातलं म्हातारं माणूस आधी देवाचं नाव घेतं. प्राचीन अथेन्समध्ये मात्र घुबड सगळ्यांनाच हवं असे, आणि तेही चांदीचं! नाण्याच्या एका अंगाला शिरस्त्राण घातलेली अथीना देवी, दुसऱ्या अंगाला तिचं ते टपोऱ्या डोळ्यांचं पाखरू. चार द्राख्मांचं हे नाणं साधारण 17 ग्रॅम भरे. हाच द्राख्मा पुढे संस्कृतात ‘द्रम्म’ झाला आणि मराठीत ‘दाम’ होऊन आला.

चांदी यायची जवळच्या लॉरियनच्या खाणींतून. इ. स. पू. 483 च्या सुमारास तिथं मोठं घबाड लागलं. ते नागरिकांत वाटून टाकायचं घाटत होतं, पण थेमिस्टोक्लीस या पुढाऱ्यानं त्यातून लढाऊ गलबतं बांधून घेतली. सालामिस बेटाजवळ इराणी आरमाराचा धुव्वा उडाला तो त्यांच्याच जोरावर. ही गोष्ट सगळे सांगतात. पण खाणीत उतरत होते ते गुलाम. नीकियास या दुसऱ्या एका पुढाऱ्यानं हजार गुलाम तिथं भाड्यानं दिले होते. माणशी रोजचा एक ओबोल, म्हणजे द्राख्माचा सहावा हिस्सा, मालकाच्या पदरात पडे.

मला जास्त मौज वाटते ती 1970 साली अथेन्सच्या जुन्या बाजारपेठेत सापडलेल्या शिलालेखाची. त्यावर इ. स. पू. 375 च्या आसपासचा कायदा कोरलेला आहे. बाजारात सरकारी पारखी बसेल. आत तांबं किंवा शिसं भरलेलं नाणं दिसलं, की त्यानं ते तिथंच छिन्नीनं कापायचं. त्यानं खरं ठरवलेलं नाणं एखाद्या दुकानदारानं नाकारलं, तर त्याचा त्या दिवसाचा माल जप्त!

भल्याभल्या सावकारांचं नाणं खोटं ठरवणारा हा पारखी स्वतः सरकारी गुलाम होता. जागेवर बसला नाही, तर 50 फटके. याच कायद्यानं पिरेयस बंदरातल्या व्यापाऱ्यांसाठी आणखी एक पारखी नेमायचं ठरलं. सरकारी गुलामांत कुणी लायक असेल तर तो घ्यावा, नसेल तर विकत आणावा, असं त्याच दगडावर लिहिलं आहे. आणलाच असेल, तर त्याची किंमतही घुबडांतच मोजली असणार.