बांधावरचा फोन गोठू नये



अकोला-अमरावतीची मुले आता पुण्याची वाट न धरता इथेच बसून ॲप घडवतात, याचा मला अभिमान आहे. म्हणून आज इथल्याच वापरकर्त्याविषयी बोलतो.

१५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि पीकपेऱ्याची नोंद शेतकऱ्याच्या फोनवर आली. शेतीची ॲप करणाऱ्या आपल्यासारख्यांचा ग्राहकही तोच. तुरीत उभा राहून फोटो काढणारा. त्याचा १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४००० गुणिले ३००० ठिपके. ठिपक्याला ४ बाइट धरा. फाइल लहान असली तरी उघडताच ती मेमरीत ४८ एमबी अडवते. लांबी-रुंदी पाव करून उघडली, तर ३ एमबीत भागते. हे काम मुख्य थ्रेडवर केले की पडदा गोठलाच. सेकंदाला ६० फ्रेम दाखवायच्या, तर एका फ्रेमला जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात. बोट लावून ५ सेकंद उत्तर आले नाही, तर ॲप प्रतिसाद देत नसल्याचे अँड्रॉइडच जाहीर करते. शेतकरी गोंधळून पुन्हा बटण दाबतो आणि एकाच गटाची नोंद दोनदा जाते.

मुख्य थ्रेड पडद्यासाठी मोकळा ठेवा. फोटो, डेटाबेस, नेटवर्क मागे न्या. कोटलिनमध्ये कोरूटीन आहेत, स्विफ्टमध्ये असिंक-अवेट. नोंद आधी फोनमध्ये साठवा आणि तिथेच तिला कायमचा क्रमांक द्या. तोच क्रमांक पुन्हा आला, तर सर्व्हरने नवी नोंद करू नये. अपलोड वर्कमॅनेजरवर सोपवा, नेटवर्कची अट घालून. मग धारणी-चिखलदऱ्याकडे रेंज गेली, तरी ती परत आल्यावर काम आपोआप पुढे सरकते.

थ्रेड वाढवले की वेग वाढतो, ही समजूत मात्र सोडायला हवी. बाजार समितीत एका काट्यावर दहा हमाल लावले, तरी माप एका वेळी एकाच गाडीचे होते. एसक्यूलाइटमध्येही एका वेळी लिहिणारा एकच. राइट-अहेड लॉग चालू केला, तर लिहिणे सुरू असताना वाचणारे अडत नाहीत, पण दोघांना एकदम लिहिता येत नाही ते नाहीच. तेव्हा शंभर नोंदी एका ट्रान्झॅक्शनमध्ये लिहा. माझ्या अनुभवात एवढ्याने जो फरक पडतो, तो थ्रेड वाढवून पडत नाही.

डेस्कटॉपचा नियमही हाच. अडतीच्या दुकानात वर्षाचा हिशोब निघत असताना समोरच्याची काटापट्टी अडता कामा नये. जावा स्विंगमध्ये स्विंगवर्कर, डब्ल्यूपीएफमध्ये मागचे टास्क वापरा. पडद्यावरचा बदल तेवढा मुख्य थ्रेडवर करा. आणि लांबणाऱ्या प्रत्येक कामाला ‘रद्द करा’ हे बटण द्या, ते खरोखर काम थांबवणारे असू द्या. पुष्कळ ठिकाणी खिडकी बंद होते आणि मागे थ्रेड चालूच राहतो.

अंदाजाने कोड बदलू नका. आधी प्रोफाइलर लावा, तोही रिलीज बिल्डवर. माझी विनंती एवढीच आहे: कमी रॅमचा एक जुना अँड्रॉइड ऑफिसात कायम ठेवा आणि प्रत्येक आवृत्ती त्यावर, मध्येच नेट बंद-चालू करत, तपासूनच बाहेर सोडा.