ओझे यंत्राचे, जबाबदारी आपली



मी सातवी शिकलेली गृहिणी. माझी भाची क्रेन चालवायला शिकते म्हणाली, तेव्हा घरात एकच प्रश्न निघाला, "बाईमाणसाला ते ओझे कसे पेलेल?" परंतु ओझे यंत्र पेलते, आपण पेलायची ती जबाबदारी.

पाटण तालुक्यात वनकुसवड्याच्या पठारावरील पवनचक्क्या क्रेननेच उभ्या केल्या. केरळात विझिंजम बंदराचे उद्घाटन मे २०२५ मध्ये झाले. तेथे किनाऱ्यावरच्या कोळी वस्तीतल्या मुलीही नियंत्रण-कक्षात बसून मालाच्या अवजड पेट्या क्रेनने हलवू लागल्या.

शिकणारीने आधी जमिनीवर उभे राहून साखळी बांधायला व हाताच्या खुणा ओळखायला शिकावे. नजर चांगली हवी. रस्त्यावरची क्रेन असेल तर वाहनाचा परवानाही लागतो.

सर्वांत महत्त्वाचा भाराचा तक्ता. भरलेली कळशी कमरेवर असली तर हलकी वाटते. हात लांब करून धरली की तीच जड होते. तसेच क्रेनचे आहे. हात जितका लांब, तितके कमी वजन उचलावे. नाहीतर क्रेन कलंडते. लोंबत्या ओझ्याखाली कोणी उभे राहू नये. "थांब" ही खूण कोणीही केली तरी थांबावे. आणि वजन जास्त असेल, तर मुकादमाने घाई केली तरी "नाही" म्हणावे.

भगिनींनो, आपल्या मुलींना हे "नाही" म्हणण्याचे धैर्य घरातूनच मिळू द्या.