शाळेचा पैसा आणि शासनाचा कागद



राज्यकारभार म्हणजे मंत्र्यांची भाषणे नव्हेत. राज्यकारभार म्हणजे कागद, आणि त्या कागदामागून येणारा पैसा. या दोहोंत किती अंतर पडते, याचा विचार आज आपल्यापुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे. उदाहरण आपल्या गावचेच घेऊ.

४ ऑक्टोबर २०१६ रोजी या नगरीत, तेव्हाच्या औरंगाबादेत, राज्य मंत्रिमंडळाची बैठक भरली होती. त्याच दिवशी विनाअनुदानित शाळांतील शिक्षकांचा मोर्चा निघाला आणि त्यावर लाठीमार झाला. मुलांना शिकविणाऱ्यांवर ही पाळी का यावी? तिचे मूळ एका शब्दात आहे. तो शब्द ‘कायम’.

ज्या शाळांना ‘कायम विनाअनुदानित’ म्हणून परवानगी मिळाली, त्यांना सरकारी वेतन-अनुदान कधीच मिळावयाचे नव्हते. २००९ साली तो ‘कायम’ शब्द वगळण्यात आला. शिक्षकांना वाटले, दार उघडले. परंतु शब्द वगळल्याने तिजोरी उघडत नसते. पुढे मूल्यांकन झाले, पात्र शाळांच्या याद्या झाल्या, आणि २०१६ साली अनुदान ठरले ते वीस टक्के! सात वर्षे कागद चालत राहिला. घरची चूल काही त्याच्यासाठी थांबत नाही.

हा कागद चालतो कसा? शाळेचा प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्यांकडे, तेथून उपसंचालकांकडे, मग पुण्याला आणि शेवटी मंत्रालयात. तेथे शिक्षण खात्याने मान डोलावली तरी वित्त खाते विचारते, पैसा कोठून आणावयाचा? हा प्रश्न दुष्टपणाचा नव्हे. शिक्षकाचा पगार एकदा पत्करला की तो निवृत्तीपर्यंत दरसाल द्यावा लागतो. जनतेच्या पैशाला राखणदार हवाच. पण राखणदाराने ‘होय’ किंवा ‘नाही’ वेळेवर सांगितले पाहिजे, एवढे मागण्याचा हक्क आपल्याला आहे.

आता कोणी म्हणेल, आपले आमदार काय करतात? येथे राज्यघटनेचे २०३ वे कलम पाहावे. खर्चाची मागणी राज्यपालांच्या शिफारशीवाचून, म्हणजे व्यवहारात सरकारच्या इच्छेवाचून, मांडता येत नाही. विधानसभा ती मान्य करील, नाकारील किंवा कमी करील. एक रुपयाही वाढवू शकत नाही. शिक्षकांनी निवडलेले आमदार तर विधान परिषदेत बसतात, आणि त्या सभागृहाला मागण्यांवर मतच नाही! त्यांना बोलता येते, विचारता येते, आग्रह धरता येतो. मतदान खालच्या सभागृहात होते. म्हणून अर्थसंकल्प मांडला गेल्यावर केलेली ओरड बहुधा उशिराची ठरते. खात्यांची अंदाजपत्रके आदल्या वर्षीच तयार होऊ लागतात. बोलावयाचे ते तेव्हा.

नंतरचा अनुभवही असाच आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये अनुदानाचा वाढीव टप्पा देण्याचा निर्णय झाला. निधीची तरतूद मात्र मागे राहिली, आणि जुलै २०२५ मध्ये शिक्षकांना मुंबईच्या आझाद मैदानावर बसावे लागले. निर्णय होता, पैसा नव्हता. लग्नपत्रिका छापली, पण मुहूर्तच धरला नाही, असा हा प्रकार.

तेव्हा कोणतीही घोषणा कानी आली की आपण नागरिकांनी तीन प्रश्न क्रमाने विचारावेत. शासन निर्णय निघाला काय? अर्थसंकल्पात किंवा पुरवणी मागणीत तरतूद झाली काय? आणि तरतूद झालेला पैसा ३१ मार्चपूर्वी कोषागारातून सुटला काय? तारीख टळली तर न खर्चलेली तरतूद सामान्यतः रद्द होते, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

हे प्रश्न शिक्षकांचेच आहेत असे समजू नये. पगाराची विवंचना उरात घेऊन जो माणूस वर्गात उभा राहतो, त्याच्यापुढे आपलीच मुले बसलेली असतात. टाळ्या घोषणेला न देता तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरासाठी राखून ठेवाव्यात, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.