हेतू शुद्ध होता. किंमत कोणी दिली?

(कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



माणसाची नैतिक पारख त्याच्या हेतूवरून करावी की कृतीवरून, या प्रश्नावर बोलण्यास मला सांगण्यात आले आहे. हा प्रांत तत्त्वज्ञांचा. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले आणि आमच्या शास्त्राला हेतूंशी फारसे कर्तव्य नसते. पाववाला स्वतःच्या लाभासाठी पाव भाजतो आणि त्यातून आपली न्याहारी होते, एवढ्यावर आमचे समाधान. परंतु ज्या अ‍ॅडम स्मिथकडून आम्ही हे शिकलो त्यानेच १७५९ सालच्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात एक अडचण नोंदवून ठेवली आहे. तत्त्व म्हणून सारेच मान्य करतात की दोष हेतूचा पाहावा. प्रत्यक्ष प्रसंग आला की मात्र आपला निवाडा परिणामाकडे झुकतो आणि परिणाम तर पुष्कळदा दैवाधीन असतो.

आपल्या चळवळीचा कल उलट दिशेचा आहे. कर्मापेक्षा कर्त्याची बुद्धी श्रेष्ठ, हे लोकमान्यांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त विस्ताराने प्रतिपादिले. ती शिकवण आपल्यात इतकी मुरली आहे की एखादा लढा फसला तरी ‘आमचा हेतू प्रामाणिक होता’ असे म्हणून आपण निर्धास्त होतो. मीही तसाच निर्धास्त होतो. त्याची हकीकत सांगतो.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापडगिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लक्ष कामगार त्यात होते. वेतनवाढ हवी होती, बदली कामगारांना कायम करावयाचे होते आणि १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्याने एकाच संघटनेला दिलेली मक्तेदारी मोडावयाची होती. मागण्या न्याय्य होत्या, असे मी आजही म्हणतो. मी तेव्हा एम. ए.चा विद्यार्थी. आम्ही काही मुले संपकऱ्यांसाठी धान्य गोळा करीत लालबाग-परळच्या चाळींतून हिंडत असू. तेथे सातारा जिल्ह्यातले एक साचेवाले होते. त्यांना आम्ही तात्या म्हणत असू. वर्ष संपत आले तेव्हा काही गिरण्यांत थोडेथोडे लोक कामावर परतू लागले होते. एके संध्याकाळी तात्यांनी मला बाजूला घेऊन विचारले, “तुम्ही शिकलेले आहात. जाऊ का मी कामावर?”

मी म्हणालो, “तात्या, एवढ्यात नको. आणखी थोडी कळ काढा.”

त्यांनी माझे ऐकले. पुढे ते गेले तेव्हा साच्यावर दुसरा माणूस होता. संप कधी रीतसर मागे घेतला गेला नाही. तो विझत गेला. हजारो कामगारांना पुन्हा खात्यात घेतलेच नाही, तात्या त्यांतलेच एक. काही वर्षांनी गावी त्यांची भेट झाली. त्यांच्या बोलण्यात रागाचा लवलेश नव्हता. “तुम्ही काय वाईट चिंतून सांगितलं होतं का?” असे तेच मला म्हणाले. मी हलका होऊन परतलो. हा हलकेपणा खोटा होता, हे ध्यानात यायला मला फार वर्षे लागली.

कारण असे की मला एक गोष्ट ठाऊक होती. मालकांकडे संपापूर्वीच न खपलेल्या कापडाचे साठे होते. भिवंडीच्या यंत्रमागांवर कापड निघत होते. मालक थांबू शकत होते, कामगार थांबू शकत नव्हता. हे सारे माझ्या वहीत टिपलेले होते आणि त्या संध्याकाळी मी त्यातले अक्षरही तात्यांना सांगितले नाही. त्यांचा धीर सुटेल असे मला वाटले. शिवाय माझी खानावळ चालू होती, शिष्यवृत्ती येत होती. चूक माझी झाली असती तरी तिचे देणे माझ्या खात्यावर पडणार नव्हते.

केवळ परिणामावरून निवाडा करा, असे मी म्हणत नाही. तसे केले तर हरलेला प्रत्येक संप अनैतिक ठरेल आणि जिंकणारा आपोआप सज्जन. परंतु हेतू आणि परिणाम यांच्या मध्ये एक तिसरी गोष्ट असते: कृतीपूर्वी आपण काय जाणून घेतले, आणि ज्याला झळ बसणार त्याला त्यातले किती सांगितले. माझा दोष तेथे होता. मालकांचा हेतू, सरकारचा हेतू, यांवर आपण पुष्कळ लिहिले आहे आणि ते योग्यच झाले. पण स्वतःला हा प्रश्न आपण क्वचितच विचारला.

गांधीजींचे उदाहरण येथे आठवते. ४ फेब्रुवारी १९२२ रोजी चौरीचौऱ्याला जमावाने पोलीसठाणे पेटविले, पोलीस मारले गेले. गांधीजी शेकडो मैल दूर बार्डोलीला होते. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारणच नव्हते. तरीही त्यांनी चळवळ थांबविली, उपवास केला आणि मार्चमधील खटल्यात आपली जबाबदारी नाकारली नाही. तुरुंगातले अनेक सहकारी या माघारीने संतापले होते. त्यांचे म्हणणे निराधार होते असेही नाही. मात्र आपल्या पुस्तकांत गांधीजींच्या मनोव्यथेला जेवढी जागा मिळते, तेवढी त्या प्रकरणात फाशी गेलेल्या १९ जणांना मिळत नाही, हे मला खटकते.

म्हणून एक सूचना करतो. यापुढे आपल्या कोणत्याही शाखेने संपाची हाक देण्यापूर्वी, मतदानाच्या आधी, सभासदांपुढे साधा हिशेब मांडावा: समोरचा किती दिवस तग धरू शकतो, आपल्या घरांत किती दिवसांचे धान्य आहे, आणि सल्ला देणाऱ्यांपैकी कोणाचा पगार चालू राहणार आहे. त्याने लोक कचरतील असा आक्षेप येईल. मलाही १९८२ साली तेच वाटले होते. उद्या सकाळच्या बैठकीत यावर चर्चा व्हावी, एवढी विनंती.