गच्चीवरच्या टाकीपासून जिबुतीपर्यंत



हिवताप निर्मूलनातील आंतरराष्ट्रीय भागीदारीचा विचार करण्यासाठी आपण इथे जमलो आहोत. स्वागत समितीच्या आणि तमाम मुंबईकरांच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो.

ही परिषद मुंबईत भरावी, याला कारण आहे. १९०१ साली ग्लेन लिस्टन या डॉक्टरांनी विदर्भातल्या अचलपूरच्या डासांचा अभ्यास करताना एका नव्या जातीची नोंद केली. तोच हिवताप पसरवणारा अ‍ॅनोफिलीस स्टीफेन्साय. त्याची बहुतेक भावंडे ओढ्याकाठी, शेताच्या बांधाला वाढतात. हा मात्र पक्का शहरी निघाला. विहीर, हौद, गच्चीवरची उघडी टाकी, कुठेही त्याचा संसार थाटला जातो. १९११ मध्ये डॉ. बेंटली यांनी मुंबईच्या हिवतापावर अहवाल दिला, तेव्हा त्यांचेही बोट शहरातल्या विहिरींकडेच होते.

हाच डास २०१२ मध्ये आफ्रिकेतल्या जिबुतीत आढळला. त्या वर्षी तिथे हिवतापाचे अवघे २७ रुग्ण होते. २०२० मध्ये ती संख्या ७३ हजारांवर गेली. इथिओपिया, सुदान, नायजेरिया, केनिया असा त्याचा प्रवास पुढेही चालू आहे. ज्याच्याशी आम्ही शंभराहून अधिक वर्षे झुंजतो आहोत, त्याच्याशी आफ्रिकेतल्या शहरांची गाठ आता पडली आहे. टाकीला घट्ट बसणारे झाकण, तपासणीसाठी शिडी, विहिरीत गप्पी मासे आणि इमारतीमागून इमारत पालथी घालणारे कीटकनाशक विभागाचे कर्मचारी, ही आमची शिदोरी आहे. ती आपल्यापुढे ठेवणे हे यजमानांचे कर्तव्य समजतो.

पण देणारे आम्ही एकटेच नाही. रुग्णाची नोंद एका दिवसात, चौकशी तीन दिवसांत आणि बंदोबस्त सात दिवसांत, ही चीनची शिस्त गडचिरोलीच्या जंगलातल्या पाड्यांपर्यंत कशी न्यायची, हे आम्हाला शिकायचे आहे. पुण्यात तयार होणाऱ्या हिवतापावरच्या आर-२१ लसीमागचे संशोधन ऑक्सफर्डचे, तिच्या मोठ्या चाचण्या झाल्या बुर्किना फासो, माली, केनिया आणि टांझानियात. तिथल्या आईबापांनी आपली मुले पुढे केली नसती, तर ऑक्सफर्डची विद्या आणि पुण्याचा कारखाना दोन्ही अडून राहिले असते. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या लसीची शिफारस केली आणि २०२४ च्या जुलैत आयव्हरी कोस्टमध्ये ती बालकांना मिळू लागली. भागीदारी म्हणतात ती ही.

एक इशाराही द्यायला हवा. स्वातंत्र्याच्या वेळी भारतात वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे. १९५३ पासूनच्या मोहिमेने हा आकडा साठच्या दशकात लाखाच्या आसपास आणला, आणि १९७६ मध्ये तो पुन्हा ६४ लाखांवर गेला. श्रीलंकेत १९६३ साली १७ रुग्ण उरले होते. पाच-सहा वर्षांत ते लाखांत मोजावे लागले. रुग्ण घटले की निधी आटतो, फवारणी थंडावते, रक्तनमुने घेणारे हात दुसऱ्या कामाला लागतात. श्रीलंकेने मात्र हा धडा गिरवला आणि २०१६ मध्ये हिवतापमुक्तीचे प्रमाणपत्र मिळवले. २०२३ मध्ये जगात या रोगाने सुमारे ५ लाख ९७ हजार बळी घेतले, त्यात बहुसंख्य आफ्रिकेतली पाच वर्षांखालची मुले. अशा वेळी श्रीमंत देश मदतीचा हात आखडता घेत असतील, तर ती काटकसर नव्हे. पुढच्या साथीची ती पायाभरणी आहे.

म्हणून स्वागताध्यक्ष या नात्याने माझी आपणास विनंती आहे. या परिषदेच्या ठरावांत दोन गोष्टी आवर्जून असाव्यात. मुंबईत गच्चीवर चढणारा कर्मचारी जिबुतीला शिकवायला जावा आणि कोलंबोचा निरीक्षक गडचिरोलीला यावा, एवढी देवाणघेवाण नक्की ठरावी. आणि रुग्णसंख्या शून्यावर आल्यानंतरही देखरेखीचा निधी चालू राहील, असा शब्द प्रत्येक भागीदाराने द्यावा. हे दोन ठराव झाले, तर आमचे यजमानपण सार्थकी लागले असे आम्ही मानू.