वचनांचे पाठांतर आणि प्रीतीचा अर्थ

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले भाषण)



 आजचा विषय मी निवडलेला नाही. तो आपल्यापैकीच काही जणींनी मला दिला आहे. आमच्या घरची मुले सकाळी पवित्र शास्त्रातील वचने मोठ्याने म्हणतात, ती भिंतीपलीकडे ऐकू जातात. तेव्हा शेजारणींनी मला विचारले, "मुलांकडून एवढे पाठ कशाला हो करून घेता? आणि तुमच्या वचनांत सारखा 'प्रीती' हा शब्द येतो, त्याचा अर्थ तरी काय?" प्रश्न दोन असले तरी त्यांची गाठ एकमेकींशी आहे. ती गाठ सोडवून दाखवण्याचा प्रयत्न मी आज करणार आहे.

पाठांतर ही काही ख्रिस्ती लोकांनी नव्याने आणलेली चाल नव्हे. आपल्या आज्या-पणज्यांना अक्षरओळख नव्हती, तरी जात्यावर बसल्या की पहाट सरेपर्यंत त्यांच्या ओव्या सरत नसत. कुणाला हरिपाठ येई, कुणाला मनाचे श्लोक, कुणाला गीतेचा पंधरावा अध्याय. आमच्याकडे शब्बाथशाळेत दर आठवड्याला एक वचन पाठ करून यायचे, एवढाच काय तो फरक. पंडिता रमाबाईंचे नाव आपणा सर्वांना ठाऊक आहे. लहानपणी त्यांची आई लक्ष्मीबाई यांनी त्यांना संस्कृत शिकवले, आणि वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत भागवताचे अठरा हजार श्लोक त्यांना मुखोद्गत झाले होते. पुढे १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून त्यांचा गौरव केला, त्याचा पाया आईने करून घेतलेल्या या पाठांतरात होता.

आता कोणी म्हणेल, "हल्ली हातातल्या फोनवर बोट फिरवले की हवे ते वचन समोर येते. मग डोक्याला शीण कशाला?" शंका रास्त आहे. पण फोनमधले वचन आपण शोधले तरच सापडते. रागाच्या भरात तोंडातून कडू शब्द निघायच्या बेतात असताना फोन काढून वचन शोधणारी बाई मी तरी पाहिलेली नाही. पाठ असलेले वचन अशा वेळी न बोलावता येते आणि पदर धरून मागे ओढते. माझ्या आईची दृष्टी उतारवयात अगदी अधू झाली होती. पुस्तक हातात धरून उपयोग नव्हता. तेव्हा लहानपणी पाठ केलेले तेविसावे स्तोत्र ती रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या म्हणत असे. डोळ्यांनी साथ सोडली तरी साठवलेले धन तिच्यापाशी होते.

पण भगिनींनो, या धनालाही एक कीड लागते, आणि ती म्हणजे तोडून पाठ करण्याची सवय. बायबलमध्ये आज जे वचनांचे आकडे दिसतात, ते मूळ लेखकांनी घातलेले नाहीत. नव्या कराराची आजची वचनवार विभागणी रॉबर्ट एत्येन या फ्रेंच मुद्रकाने १५५१ साली केली. शोधायला सोय झाली, पाठ करायलाही सोय झाली. परंतु अख्ख्या भाकरीतला एकच तुकडा उचलावा तसे एक वचन उचलण्याची खोडही लागली. शुभवर्तमानात तर अशी कथा आहे की, सैतान येशूची परीक्षा पाहायला आला तो स्तोत्रातील वचने म्हणतच आला! तेव्हा वचन तोंडपाठ असणे ही सज्जनपणाची खूण धरता येत नाही. येशूनेही त्याला शास्त्रवचनांनीच उत्तर दिले, पण त्याला त्या वचनांचा हेतू ठाऊक होता.

आमच्यात सर्वांत जास्त पाठ केला जाणारा उतारा म्हणजे पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय. हाच प्रीतीचा अध्याय. अवघी तेरा वचने आहेत. लग्नात तो वाचतात, शाळेत बक्षिसासाठी म्हणतात, रंगीत दोऱ्यांनी विणून भिंतीवर लावतात. त्यामुळे तो अगदी सुखाच्या वातावरणात लिहिला असावा असे वाटते. खरी हकीकत निराळी आहे. करिंथ हे ग्रीस देशातले मोठे व्यापारी शहर. तेथील लहानशा ख्रिस्ती मंडळीत भांडणे माजली होती. कोणी म्हणे आम्ही पौलाचे, कोणी म्हणे आम्ही अपुल्लोसाचे, कोणी केफाचे. भाऊ भावाला कोर्टात खेचत होता. प्रभुभोजनाला जमत, तेव्हा काही जण आधीच पोटभर जेवून घेत आणि गरीब माणसे उपाशी राहत. ही बातमी इफिस येथे असलेल्या पौलाला कळवली ती ख्लोवे नावाच्या एका स्त्रीच्या घरच्या माणसांनी. ते ऐकून सुमारे इसवी सन ५५ मध्ये त्याने हे पत्र लिहिले. म्हणजे ज्याला आपण गोड अध्याय म्हणतो, तो भांडणाऱ्या माणसांना दिलेला कडू काढा आहे!

आता त्या शब्दाकडे वळू. मूळ ग्रीक शब्द आहे 'आगापे'. आपल्या मराठी बायबलात त्याला 'प्रीती' म्हटले आहे. १६११ सालच्या इंग्रजी बायबलात या अध्यायात 'चॅरिटी' हा शब्द होता. १८८१ च्या सुधारलेल्या भाषांतरात तो बदलून 'लव्ह' केला. बदल योग्यच झाला. चॅरिटी म्हटले की आपल्याला दानधर्म आठवतो. पण पौल तर त्याच अध्यायात बजावतो की, आपले सर्वस्व वाटून टाकले तरी त्यात प्रीती नसेल तर ते फुकट आहे. म्हणजे दान वेगळे, प्रीती वेगळी. दाराशी आलेल्याच्या हातावर नाणे ठेवून दार लावता येते. प्रीतीला दार उघडे ठेवावे लागते.

मग प्रीती म्हणजे मनाची एक गोड भावना काय? तसेही नाही. चौथ्या ते सातव्या वचनांत पौलाने प्रीतीचे जे वर्णन केले आहे, त्यात मूळ भाषेत पंधरा क्रियापदे आहेत. प्रीती 'अशी आहे, तशी आहे' असे तो सांगत नाही. ती काय करते आणि काय करीत नाही, ते सांगतो. आणि गंमत अशी की, या पंधरांपैकी आठ गोष्टी न करण्याच्या आहेत. हेवा, बढाई, फुगणे, असभ्यपणा, स्वार्थ, चिडणे अशी ती यादी आहे. त्यांतले एक क्रियापद तर सरळ हिशेबाच्या वहीतले आहे. वाण्याच्या दुकानात उधारीची वही असते ना? तारीखवार मांडलेली असते, खोडायची सोय नसते. दुसऱ्याने केलेल्या वाइटाची तशी वही प्रीती ठेवीत नाही, असा त्याचा भाव आहे. आपल्या मनात डोकावून पाहा. "माझ्या मुलीच्या लग्नात ती आली नव्हती", "तिने मला हळदीकुंकवाला बोलावले नाही" — किती जुनी खाती आपण दरवर्षी नव्या वहीत ओढून घेतो! ही वही फाडायला पैसा लागत नाही, पण दानधर्मापेक्षा ते काम अवघड आहे.

येथे मला एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे, कारण ती आपणा बायकांच्या जिवाशी संबंध ठेवते. याच अध्यायात प्रीती सर्व काही सोसते अशा अर्थाचे शब्द आहेत. तेवढाच तुकडा तोडून तो मार खाणाऱ्या बाईच्या पदरात टाकला जातो. नवरा दारू पिऊन मारतो, सासर छळते, आणि कोणी वडीलधारे माणूस येऊन म्हणते, "बाई, सोस. शास्त्रच तसे सांगते." शास्त्र असे सांगत नाही! त्या शब्दांच्या अगदी लगत वरच्या ओळीत हेही आहे की, प्रीती अन्यायात आनंद मानीत नाही, तिचा आनंद सत्याच्या बरोबर असतो. मारहाण झाकून ठेवणे हे सत्य नव्हे. शिवाय हे पत्र करिंथात मोठ्याने वाचले गेले, तेव्हा त्याचा फटका आधी कोणाला बसला? गरिबांना उपाशी ठेवून जेवणाऱ्यांना. दुर्बळांनी आणखी दबून राहावे म्हणून पौलाने लेखणी उचलली नव्हती. आपल्या देशात घरातील छळापासून स्त्रीला संरक्षण देणारा कायदा २००५ साली झाला आहे. अशा बहिणीला वचन ऐकवण्याआधी तिच्याबरोबर चौकीपर्यंत किंवा संरक्षण अधिकाऱ्यापर्यंत चालत जाणे, ही त्या वेळची प्रीती होय.

पाठांतर आणि समज यांतले अंतर येशूने एका गोष्टीत दाखवले आहे. ती लूकच्या शुभवर्तमानात दहाव्या अध्यायात आहे. एक शास्त्री येशूकडे आला. नियमशास्त्रात काय लिहिले आहे, असे येशूने विचारताच त्याने दोन वचने बिनचूक म्हणून दाखवली. एक देवावर प्रीती करण्याविषयीचे, दुसरे शेजाऱ्याला आपल्यासारखाच मानण्याविषयीचे. उत्तर बरोबर आहे, असेच कर, असे येशू म्हणाला. शब्बाथशाळेत त्याला पहिले बक्षीस मिळाले असते! पण त्याने पुढे विचारले, माझा शेजारी कोण? वचन पाठ होते, शेजारी माहीत नव्हता. तेव्हा येशूने गोष्ट सांगितली. यरुशलेमेहून यरीहोकडे जाणाऱ्या वाटेवर एक माणूस चोरांनी लुटून अर्धमेला पडला होता. याजक आला, लेवी आला. दोघे बगल देऊन निघून गेले. त्या दोघांनाही ते वचन खात्रीने पाठ असणार. ज्याने जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून उताराच्या जागी नेले आणि पदरचा पैसा दिला, तो शोमरोनी होता, म्हणजे यहुदी लोक ज्यांच्याशी संबंधही ठेवीत नसत अशांपैकी एक.

रमाबाईंच्या आयुष्यातही याचा पडताळा येतो. कलकत्त्यात असताना त्यांना ख्रिस्ती लोकांनी संस्कृत बायबल भेट दिले होते. एवढी संस्कृत जाणणारी विदुषी. पण ते पुस्तक वाचणे त्यांना वेळ फुकट घालवण्यासारखे वाटले. शब्द कळत होते, अर्थ भिडत नव्हता. पुढे त्या इंग्लंडला वाँटेज येथील भगिनींच्या मठात राहिल्या. तेथून त्यांना लंडनमधील फुलहॅम येथे, त्या भगिनी चालवीत असलेला आश्रम पाहायला पाठवले. समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या स्त्रियांची तेथे मायेने काळजी घेतली जात होती. हे पाहून रमाबाई चकित झाल्या आणि असे करण्याची बुद्धी तुम्हांला कोठून होते, असे त्यांनी विचारले. तेव्हा एका भगिनीने त्यांना येशू आणि विहिरीवरची शोमरोनी स्त्री यांची कथा वाचून दाखवली. आधी प्रीती डोळ्यांनी पाहिली आणि मग वचन उलगडले! २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे केडगावला मुक्ती मिशनमध्ये त्यांनी तशाच स्त्रियांसाठी कृपा सदन उभारले, आंधळ्या बहिणींसाठी बार्तीमी सदन आणि म्हाताऱ्या-अपंग बायकांसाठी प्रीती सदन. घराला दिलेले नाव पाहा. ज्यांच्याकडून परतफेडीची आशा नाही, त्यांच्या घराला प्रीतीचे नाव! आणि मग हिब्रू व ग्रीक भाषा शिकून, साध्या बायकांना समजेल अशा मराठीत त्यांनी सबंध बायबलचे भाषांतर केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांना देवाज्ञा झाली, त्याच्या थोडे आधी ते काम पुरे झाले होते. अठरा हजार श्लोक पाठ असलेल्या बाईने आपले उरलेले आयुष्य अर्थ सोपा करण्यात घालवले, यातून आपण घ्यायचे ते घ्यावे.

आता जाता जाता घरगुती उपयोगाच्या दोन-चार गोष्टी सांगते. पाठांतर कोणत्याही ग्रंथाचे असो, मुलांना एकटी ओळ देऊ नये. तिच्या मागचा-पुढचा मजकूर आधी गोष्टीसारखा सांगावा. एका वेळी थोडेच द्यावे आणि मोठ्याने म्हणून घ्यावे. कानाला लागलेली चाल जिभेला लवकर येते. आपणही त्यांच्याबरोबर म्हणावे, म्हणजे ती शिक्षा वाटत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे, प्रत्येक वचनाला आठवड्यात एक काम जोडावे. पाठ झाले की नाही ते म्हणायला लावून कळेल. समजले की नाही ते त्या कामावरून कळेल. भांडलेल्या मित्राला आपण होऊन हाक मारणे, आजारी शेजाऱ्याचे पाणी भरणे, मोलकरणीला आपल्या कपबशीतच चहा देणे, अशी लहान कामे पुरेत.

भगिनींनो, मंडळ म्हटले की करिंथ काही फार लांब नसते. अमकीच्या गटाची, तमकीच्या गटाची, ही भाषा आपल्या कानांवरूनही गेलेली असेल. आज सभागृह भरलेले पाहून आनंद होतो. तरी घरी जाण्यापूर्वी प्रत्येकीने एकदा आजूबाजूला पाहावे आणि मनाशी विचारावे, की आज कोण आलेली नाही? जी मागे रुसून गेली ती, जिला आपण बोलावलेच नाही ती, जिच्या घरची हकीकत माहीत असून आपण डोळेझाक केली ती. पुढच्या वर्धापनदिनाआधी त्यांपैकी एकीच्या दारी जरी आपण जाऊन आलो, तरी तेरावा अध्याय आपल्याला पाठ झाला असे मी समजेन, मग त्यातला एकही शब्द तोंडाने म्हणता आला नाही तरी चालेल.